दहावीचे प्रमाणपत्र आणि आखाताची वाट

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या कार्यालयात माजी विद्यार्थी येतात. वसतिगृहातील जुन्या आठवणी निघतात आणि जाताना एखादा हळूच विचारतो, "सर, दहावीच्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मिळेल का? पासपोर्टला लागते." परदेशी कामाला निघालेल्या माणसासाठी या एका कागदाचे एवढे महत्त्व का, हे पालकांनीही समजून घेणे आवश्यक वाटते.

१९७३ मध्ये खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि आखाती देशांत बांधकामांना उधाण आले. भारतातून गवंडी, सुतार, वेल्डर, वाहनचालक तिकडे जाऊ लागले. त्यांनी पाठविलेल्या पैशांचे मोल १९९०-९१ मध्ये प्रकर्षाने जाणवले. इराकने कुवेत व्यापल्यावर १,७०,००० हून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. तेल महागले, तिकडून येणारी रक्कम आटली आणि परकीय चलनाची गंगाजळी आणखी खालावली. पुढे देशाला सोने गहाण ठेवावे लागले. वर्गात आम्ही सोने गहाण पडल्याचे शिकवतो. कमाई तिथेच टाकून परतलेल्या गवंड्याचे सांगायचे मात्र राहून जाते.

२०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार त्यातील सर्वाधिक, म्हणजे २०.५ टक्के, वाटा महाराष्ट्रात आला. अर्थात अमेरिकेतील अभियंता आणि दुबईतील गवंडी या आकड्यात एकत्रच मोजले जातात. दोघांची स्थिती एक नव्हे. आखातातील 'कफाला' पद्धतीत कामगाराचा व्हिसा एकाच मालकाशी, म्हणजे कफीलशी, बांधलेला असतो. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलणेही दुरापास्त. कतारने २०२० मध्ये ही संमतीची अट काढली आणि २०२१ पासून दरमहा १,००० रियाल किमान मूळ वेतन ठरविले. परंतु कायदा बदलला म्हणून राहण्याच्या खोल्या बदलत नाहीत. जून २०२४ मध्ये कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४० हून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले.

आता त्या कागदाकडे वळू. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील व्यवस्थेत दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः 'ईसीआर' अशी नोंद होते. त्याला आखातासह ठराविक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. त्या वेळी कामाचे कागद तपासले जातात. प्रवासी भारतीय विमा योजनाही सक्तीची असते; दोन वर्षांसाठी २७५ रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण.

दहावी उत्तीर्णाला ही मंजुरी लागत नाही, आणि नेमके इथेच अनेकांची फसगत होते. प्रमाणपत्राने वाट मोकळी होते, पण तिच्याबरोबर तपासणी आणि विम्याची सक्तीही सुटते. करार पारखण्याचे काम मग त्याचे त्यालाच करावे लागते. मंजुरी टाळण्यासाठी पर्यटक व्हिसावर पाठविला गेलेला दहावी नापास तरुण तर दोन्हीकडून उघडा पडतो.

एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. त्याला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. मूळ वेतन किती, कामाचे तास किती, निवास आणि परतीचे तिकीट कोणाकडे, हे जाण्यापूर्वीच कोणाकडून तरी मराठीत समजावून घ्यावे. आमच्याकडे आणल्यास आम्ही शिक्षकही वाचून देऊ. आणि दुय्यम प्रत मिळाली की ती एजंटाच्या हाती ठेवू नये. त्याला छायाप्रत पुरते.