अर्ज गेल्यानंतरची नोंद

महाविद्यालयाचा अर्ज भरला, शुल्क जमा झाले, पोच हाती आली. आणि महिन्याभरात मुलीला विज्ञान प्रदर्शनात राज्यस्तरावर पारितोषिक मिळाले. ते कळवावे का, कोणाला आणि कसे? सावंतवाडीसारख्या गावातील व्यापारी घरांतही आता हा प्रश्न निघतो, कारण एकाच मुलाचा एक अर्ज मुंबई-पुण्याकडे आणि दुसरा परदेशी जाऊ लागला आहे. या दोन्हींचे नियम अगदी भिन्न आहेत.

राज्यातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राचे प्रवेश सीईटी कक्षामार्फत केंद्रीय पद्धतीने होतात. तेथे क्रम गुणांवरून लागतो. तात्पुरती गुणवत्ता यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात, परंतु ते चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी. नव्या पारितोषिकाला तेथे जागा नाही. प्राचार्यांना पत्र लिहून किंवा ओळखीतून शब्द टाकून काही साधत नाही, आणि साधूही नये. आपल्याकडे यशाचा लाभ मिळतो तो आधी आणि शाळेमार्फत. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत अ श्रेणी असल्यास दहावीला ७, ब असल्यास ५ आणि क असल्यास ३ वाढीव गुण मिळतात. खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून मंडळाकडे, म्हणजे सिंधुदुर्गासाठी रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे जातात. प्रमाणपत्र घरच्या कपाटात राहिले आणि मुदत टळली, तर ते गुण गेलेच.

परदेशी अर्जाचे तसे नाही. अमेरिकेत अनेक महाविद्यालये ज्या ‘कॉमन ॲप्लिकेशन’वरून अर्ज घेतात, तो एकदा पाठविल्यावर त्या प्रतीत बदल करता येत नाही, मात्र अनेक ठिकाणी अर्जदाराला संकेतस्थळावर स्वतंत्र खाते मिळते व तेथे नवी माहिती देता येते. एमआयटी तर फेब्रुवारीत यासाठी वेगळा फॉर्मच भरून घेते. ब्रिटनमध्ये यूकासकडे दिलेले निवेदन बदलता येत नाही. सांगण्याजोगे काही असल्यास थेट विद्यापीठाला कळवावे लागते. काही संस्था मात्र अशी भर मुळीच स्वीकारत नाहीत. त्यांची सूचना आधी वाचावी आणि पाळावी.

खरी अडचण पंचांगाची आहे. अमेरिकेतील नियमित अर्जांची मुदत बहुधा जानेवारीच्या आरंभी संपते व निर्णय मार्चअखेरपर्यंत येतात. आपली बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. निर्णयाच्या वेळी मंडळाचे गुण नसतातच. म्हणून सहामाही किंवा सराव परीक्षेचे गुण हीच सर्वांत मोलाची नवी माहिती ठरते, आणि ती विद्यार्थ्याने नव्हे, तर शाळेने पाठवायची असते. लहान गावातील कनिष्ठ महाविद्यालयाला या कामाची सवय नसते. पालकांनी दिवाळीपूर्वीच प्राचार्यांना भेटून हे समजावून द्यावे. जानेवारीत धावपळ करून शिक्का मिळतो, नीट लिहिलेला अभिप्राय मिळत नाही.

इतर काय कळवावे? आपल्या घरांत पदके मोजली जातात, दुकानातले काम मोजले जात नाही. समजा, चितारआळीतील लाकडी खेळण्यांच्या दुकानातील मुलाने अर्ज गेल्यानंतर सारा मालसाठा संगणकावर घेतला, कोणता माल पडून राहतो ते शोधले आणि वडिलांनी त्यावरून खरेदी बदलली. हे तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतील तिसऱ्या क्रमांकापेक्षा अधिक बोलते. पत्र एकच असावे, अर्ध्या पानाचे: अर्ज क्रमांक, काय घडले, केव्हा, आणि त्याला दाखला कोणाचा. दर पंधरवड्याला नवे प्रमाणपत्र धाडणे हा त्रास आहे. प्रतीक्षा यादीत नाव असेल, तर ‘जागा मिळाल्यास निश्चित येईन’ असेही लिहिता येते. मात्र ते एकाच महाविद्यालयाला, आणि खरे असेल तरच.

खतावणीत जमेबरोबर नावेही लिहावे लागते, हे या वाचकांना सांगायला नको. अर्जात दाखविलेला विषय मध्येच सोडला किंवा गुण बरेच घसरले, तर तेही कळवावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठ असे बदल कळविण्यास स्पष्टपणे सांगते. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांना होकार कळविण्याची तारीख १ मे असते. बारावीचा निकाल त्याच सुमारास किंवा नंतर लागतो आणि अंतिम गुणपत्रक शाळेकडूनच तिकडे जावे लागते. गुण फार खाली आले, तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा अधिकार ते राखून ठेवतात. म्हणून कारण असेल, आजारपण असेल, तर ते निकालापूर्वीच लिहून कळवावे.