संगणकाच्या स्मृतींतील पानांची वही

अमरावती-अकोल्याच्या अनेक घरांत आज मुलें संगणकाच्या पडद्यावर चित्रें काढितात. परंतु त्या चित्राचा प्रत्येक ठिपका स्मृतींत कोठें ठेविला आहे, हें यंत्रास कसें कळतें, याचा विचार आपण क्वचितच करितों. आज तोच करूं.

चित्रें रेखाटणाऱ्या यंत्रास 'ग्राफिक्स प्रोसेसर' व त्याचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीस 'ड्रायव्हर' म्हणतात. स्मृतीचीं बहुधा ४०९६ बाइटांचीं पानें पाडिलेलीं असतात. प्रोसेसरापाशीं असणारा पत्ता काल्पनिक असतो. खरें पान कोणतें, हें तक्त्यांत पाहावें लागतें. ही युक्ति मँचेस्टरच्या 'ॲटलस' संगणकांत १९६२ सालीं प्रथम उपयोगांत आली.

पण हा तक्ताहि स्मृतींतच ठेवावा लागतो! ४८ बिटांच्या पत्त्यांचा सबंध तक्ता, ओळीस ८ बाइट धरून, एकदम मांडिला तर त्यासच सुमारें ५५ हजार कोटी बाइट लागतील.

यावरील उपाय आपल्या वऱ्हाडांतील उदाहरणानें समजेल. एखादें शेत शोधतांना आपण प्रथम अकोला जिल्हा, मग मूर्तिजापूर तालुका, मग मुरंबा गांव व शेवटीं शेताचा नंबर पाहतों. (१९९१ सालीं पुण्यास ज्यांच्या नेतृत्वाखालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला, त्या डॉ. विजय भटकर यांचें हें जन्मगांव.) तक्तेहि असेच चार पायऱ्यांचे करितात. प्रत्येक तक्ता एका पानाचा, त्यांत ५१२ ओळी. जेथें कांहींच ठेविलेलें नाहीं, त्या भागाचा तक्ता मांडावयाचाच नाहीं. १९२० गुणिलें १०८० ठिपक्यांच्या चित्रास, ठिपक्यास ४ बाइट धरून, २०२५ पानें लागतात. मांडणी सोयीची असल्यास त्यांच्या तक्त्यांस अवघीं ७ पानें पुरतात.

ड्रायव्हरास मात्र दोन नियम कसोशीनें पाळावे लागतात. पहिला, काम आरंभण्यापूर्वींच तक्त्यांची जागा राखून ठेवावी; नाहीं तर मध्येंच जागा संपून काम अडतें. दुसरा, प्रोसेसराचें काम पुरें झाल्यावांचून पान सोडूं नये. आणि त्यानें जवळ टिपून ठेविलेले जुने पत्तेहि पुसवावे. तसें न केल्यास तेंच पान दुसऱ्यास दिलें जाऊन एकाची गुप्त गोष्ट दुसऱ्याच्या हातीं पडते, किंवा एकाचें लिखाण दुसऱ्याच्या लिखाणावर उमटतें. पटवाऱ्यानें एकाचें शेत दुसऱ्याच्या नांवें लिहावें, तसाच हा अनर्थ होय.

विद्यार्थीमित्रहो, पडद्यावरील सुंदर चित्र सर्वांस दिसतें; त्यामागची चोख वही कोणासच दिसत नाहीं. तरी चित्र उभें असतें तें त्या वहीच्याच आधारावर.