बाराव्या अंकाचा पहारा

समजा, रनाळ्यातील एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात आधार क्रमांक लिहिताना ५८ ऐवजी ८५ लिहिले गेले. ही चूक संगणकाला कशी कळावी?

तिच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली येथे, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यांतील बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून, ठरलेल्या पायऱ्यांनी काढतात. अशा रीतीला अल्गोरिदम म्हणतात.

सर्वांत सोपी रीत बेरजेची. ३५८ पुढे ४ लिहा. बेरीज २०, म्हणजे दहाच्या पटीत. एखादा अंक चुकला, की बेरीज बिघडते. पण ३८५४ ची बेरीजही २०च! अदलाबदल निसटली.

म्हणून लून यांच्या रीतीत एकाआड एक अंक दुप्पट करतात. बँकेच्या कार्डांवर हीच रीत असते. हिशेब सोपा, मात्र ०९ चे ९० झाले तर कळत नाही.

१९६९ साली डच गणिती फेरहूफ यांनी ही फटही बुजवली. पुठ्ठ्याचा सारख्या बाजूंचा पंचकोन कापा, कोपऱ्यांना क्रमांक द्या. आधी एक घर फिरवून मग उलटा. नंतर आधी उलटून मग फिरवा. उत्तरे वेगळी येतात! अशा हालचाली दहा, अंकही दहा. क्रम बदलला की उत्तर बदलू शकते; याचाच उपयोग करून या रीतीत शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडली जाते. आधारसाठी हीच रीत वापरतात.

तेव्हा तोंडी हिशेबाला बेरीज, कागदावर लून, संगणकाला फेरहूफ. पण ध्यानात ठेवा : बारावा अंक लिहिण्यातली चूक पकडतो, क्रमांक कोणाचा, हे तो सांगत नाही.