सबमॉड्यूलची साफसफाई: एका चौकटीची गोष्ट

आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. गिटसाठी जी माउसनं चालवायची साधनं असतात, त्यांत ‘क्लीनअप’चा डायलॉग असतो. त्यात ‘सबमॉड्यूलही साफ करा’ अशी एक चौकट वाढवायची, एवढंच. अर्ध्या दिवसाचं काम, असं मलाही वाटलं होतं.

मुळात अडचण काय, ते बघू. ‘गिट क्लीन’ ही आज्ञा गिटच्या नोंदीत नसलेल्या फायली उडवते. बिल्डचा कचरा वगैरे. पण सबमॉड्यूलमध्ये ती शिरत नाही. कारण मुख्य रिपॉझिटरीच्या लेखी सबमॉड्यूल म्हणजे फक्त एका कमिटचा क्रमांक. आत काय पसारा आहे, त्याचा हिशेब आतल्या रिपॉझिटरीकडे. त्यामुळे होतं काय, की माणूस क्लीनअप करतो, सगळं स्वच्छ झालं असं समजतो, आणि बिल्ड मात्र सबमॉड्यूलमधली जुनी फाईल उचलत राहतं. यात दुपार जाते हो!

टर्मिनलवर याला उपाय आहे: ‘गिट सबमॉड्यूल फॉरईच’, त्याला ‘रिकर्सिव्ह’ जोडायचं आणि पुढे क्लीन. मग चौकटीमागे हीच आज्ञा का नको? एक तर, फॉरईच पहिल्या अपयशाला थांबतं. विंडोजवर एखादी फाईल दुसऱ्या प्रोग्रॅमनं धरून ठेवली, की क्लीन फसतं आणि पुढचे सबमॉड्यूल तसेच राहतात. म्हणून साधनानं स्वतः यादी करावी, एकेका फोल्डरमध्ये क्लीन चालवावं आणि कुठे फसलं ते शेवटी दाखवावं.

पण स्वतः यादी केली, की दुसरा खड्डा. फॉरईच फक्त चेकआउट झालेल्या सबमॉड्यूलमध्ये जातं. जो अजून आणलेलाच नाही, त्याचं फोल्डर रिकामं असतं. तिथे गिट चालवलं तर ते वर चढत जातं आणि मुख्य रिपॉझिटरीच पकडतं! क्लीन निदान त्या फोल्डरपुरतं राहतं. उद्या कुणी त्याच कोडमध्ये ‘रिसेट हार्ड’ जोडलं, तर मुख्य रिपॉझिटरीतलं कमिट न केलेलं काम साफ. तेव्हा आधी तपासा.

आता खरी भीती. आमच्या एका सहकाऱ्यानं सबमॉड्यूलमध्ये दोन दिवस खपून एक नवी फाईल लिहिली होती. ‘गिट अॅड’ राहिलं होतं. शेजाऱ्यानं त्याच मशीनवर रिकर्सिव्ह क्लीन मारलं. गेली ती गेली. रिफ्लॉग इथे कामाला येत नाही, कारण ती फाईल गिटनं कधी साठवलीच नव्हती. आणि ‘डॅश एक्स’ दिलं असेल, तर दुर्लक्षित फायलीही जातात, म्हणजे पासवर्ड असलेल्या स्थानिक सेटिंगच्या फायलीसुद्धा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ही चौकट मुळात रिकामी असावी. टिक केली, तर आधी ‘डॅश एन’नं कोरडी फेरी घ्यावी. तिच्यात येणारे फायलींचे मार्ग त्या-त्या सबमॉड्यूलपासून मोजलेले असतात, तेव्हा प्रत्येकामागे सबमॉड्यूलचा मार्ग जोडायला विसरू नका. नाहीतर यादीत चार वेळा नुसतं ‘बिल्ड’ दिसेल, आणि माणूस न वाचताच ‘ओके’ दाबेल.