मोडीत काढण्याआधी

जुन्या पिढीच्या काटकसरीचा विषय निघाला की आपण लगेच आजीच्या स्वभावाचं कौतुक करू लागतो. आज आम्ही कसबा पेठेच्या निमित्ताने दुसरा प्रश्न घेतोय: वस्तू पुन्हा वापरता यावी म्हणून घराबाहेर काय काय असावं लागायचं?

भांड्यांपासून सुरुवात करू. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की आंबटामुळे धातू त्यात उतरतो आणि ताक कळकतं. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवतो आणि त्यात नवसागर टाकतो. त्याने आतला काळेपणा सुटून धातू उघडा पडतो. मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १,०८५ अंशांना. म्हणून लहानशा भट्टीवरही भांड्याला धक्का न लागता थर बसतो. तो झिजला की पुन्हा कल्हई, भांडं तेच.

बूड गेलं तर तांबट आळी जवळच होती. तिथे नवीन बूड बसायचं. भांडं अगदीच कामातून गेलं, तर वजन करून मोड म्हणून द्यायचं आणि तेवढे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा व्हायचे. 'मोडीत काढणं' म्हणजे आज आपल्याला टाकून देणं वाटतं. पण मोडीतलं तांबं वितळून पुन्हा घडवलं जायचं.

कापडाचंही तसंच. नऊवारी लुगडं मधे विरलं की विरलेला भाग काढून धडक्या भागांना दंड घालायचा. पुढे त्यातूनच मुलीचं परकर, बाळाचं दुपटं, मग गोधडी आणि शेवटी चुलीचं पोतेरं. भाताची पेज खळ म्हणून लुगड्याला लागायची आणि चुलीतली राख भांडी घासायला. राखेतल्या क्षारामुळे तेलकटपणा निघतो, चिंचेच्या आंबटाने तांब्यावरचा काळपटपणा.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण राखेने घासणारे हात कुणाचे? गोधडीचे टाके कुणाच्या दुपारी खाऊन गेले? बायकांच्या या श्रमांचा हिशेब कुणी मांडला नाही. त्यामुळे स्टेनलेस स्टील आलं तेव्हा घराघरांत सुटकाच वाटली, तर त्यात नवल नाही. त्याला कल्हई लागत नाही, ताकही कळकत नाही. पण त्याचबरोबर कल्हईवाल्याची फेरी कमी झाली आणि तांबटांची घरगुती गिऱ्हाइकंही. आळीत मठारकाम आजही चालतं, पण पूर्वीसारखं नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, 'आजीसारखं वागा' एवढा उपदेश पुरेसा नाही. दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर असेल आणि त्याचं पोट त्या कामावर भरत असेल, तरच वस्तू टिकते. पुढच्या वेळी मिक्सर बिघडला की नवा घेण्याआधी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे जा. आणि तो सांगेल त्या मजुरीत घासाघीस करू नका.