असीरगडची चढण आणि राजपुत्राची मृगयाभूमी

खेळ, व्यायाम आणि डोंगरभटकंती ह्यांविषयी आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतून दोन टोकांची मते ऐकू येतात. शेतीभातीत आयुष्य झिजविलेली वडील मंडळी म्हणतात, "रिकामपणाचे हे उद्योग! ज्याला घाम गाळायचा असेल त्याने शेतात गाळावा." उलटपक्षी तरुणांना वाटते की, बळकट दंड आणि दमदार छाती लाभली की जगी मिळवावयाचे दुसरे काही उरले नाही. दोन्ही मतांत थोडे सत्य आहे. परंतु शरीरातील बळ हे अखेर कशासाठी, हा मूळ प्रश्न दोघांनीही बाजूस ठेवलेला असतो. बुऱ्हाणपूर परिसरात घालविलेल्या एका दिवसाने तो आमच्यापुढे अशा रीतीने उभा केला की, वाचकांसही त्यात सहभागी करून घ्यावे असे वाटले.

जपमाळेच्या महिन्यातील एका शनिवारी पहाटे आम्ही १५ जण भुसावळ स्थानकावर जमलो. त्यात बहुतेक आमच्या धर्मग्रामातील तरुण मुले व मुली, आम्ही तिघे प्रौढ आणि सोबत आमचे फादर. गाडीने तापीच्या खोऱ्यातून, केळीच्या बागा मागे टाकीत, सकाळी बुऱ्हाणपुरास सोडले. पूर्वी पूर्व निमाड म्हणजे खंडवा जिल्ह्यात असलेले हे गाव सन २००३ पासून मध्य प्रदेशातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. धर्मप्रांताच्या दृष्टीने मात्र ते आजही, सन १९७७ मध्ये स्थापन झालेल्या खंडवा धर्मप्रांतातच मोडते. तेथील वेशभूषेत व बोलीत मराठी, हिंदी, निमाडी आणि उर्दू ह्यांचे असे काही मिश्रण आहे की, महाराष्ट्र कोठे संपला आणि मध्य प्रदेश कोठे सुरू झाला हे रस्त्यावरील पाटीवाचून कळू नये.

गावापासून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, खंडव्याच्या वाटेवर, असीरगड उभा आहे. सातपुड्याच्या रांगेत नर्मदा व तापी ह्या दोन खोऱ्यांना जोडणारी एक खिंड आहे, तिच्या माथ्यावर हा किल्ला पहारेकऱ्यासारखा बसला आहे. उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्या प्रत्येक सैन्याला त्याच्या नजरेखालून जावे लागे. म्हणूनच त्यास दख्खनचा दरवाजा म्हणत. गडाजवळपर्यंत मोटारीचा रस्ताही जातो. तथापि आम्ही पायवाट धरली. "चढण पायांनीच चढावी, चाकांनी नव्हे," असे फादर म्हणाले आणि स्वतः सर्वांच्या पुढे झाले.

पावसाळा नुकताच सरला होता. गवत पिवळे पडू लागले होते, पण सागाची पाने अद्याप हिरवी होती आणि उतारावर ठिकठिकाणी सीताफळीची झुडपे होती. पहिल्या अर्ध्या तासात थट्टामस्करी चालली. दुसऱ्या अर्ध्या तासात ती आपोआप थांबली. दम लागला की मनुष्य मुकाट्याने आपल्या पावलांकडे पाहू लागतो. तेव्हा एका मुलीने जपमाळ काढली आणि आनंदाची रहस्ये सुरू केली. मरियामाता डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या भेटीस घाईने गेली, ह्या दुसऱ्या रहस्याचा अर्थ त्या दिवशी आमच्या पोटऱ्यांना जेवढा कळला तेवढा देवळातील बाकावर बसून कधीच कळला नव्हता!

असीरगडाचे तीन टप्पे आहेत. सर्वांत खालचा मलयगड, मधला कमरगड आणि माथ्यावरचा तो असीरगड. माथा पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंच आहे. वर गेल्यावर जुनी जामा मशीद, अश्वत्थाम्याच्या दंतकथेशी जोडलेले महादेवाचे मंदिर, कोरडे-ओले तलाव आणि इंग्रज पलटणीच्या बराकींचे पडके अवशेष दिसतात. दक्षिणेस तापीचे सपाट खोरे आणि उत्तरेस एकामागून एक उठलेल्या सातपुड्याच्या रांगा. मराठी वाचकांस हेही ठाऊक असावे की, सन १८१९ च्या एप्रिलात इंग्रजांनी हा किल्ला घेतला, तेव्हाच तिसऱ्या मराठा युद्धाचा शेवटचा वेढा संपला.

परंतु आम्हां कॅथॉलिकांच्या दृष्टीने ह्या गडाचा एक निराळाच इतिहास आहे आणि तो फादरांनी मशिदीबाहेरच्या सावलीत बसवून आम्हांस सांगितला. सन १६०० मध्ये बादशहा अकबराने बुऱ्हाणपूर घेतले आणि असीरगडास वेढा घातला. आत खानदेशचा फारुकी सुलतान बहादूर होता. अकबराच्या छावणीत तेव्हा येशूसंघाचे दोन व्रतस्थ होते. एक फादर जेरोम झेवियर, संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याच घराण्यातील. आणि दुसरे ब्रदर बेंतो द गोइश. गड काही केल्या पडेना. तेव्हा अकबराने फादर झेवियर ह्यांस पोर्तुगीजांकडून तोफा मागवून देण्यास सांगितले. फादरांनी साफ नकार दिला. हे काम आपल्या धर्माविरुद्ध आहे, असे त्यांनी बादशहास तोंडावर सांगितले. त्यामागे पोर्तुगीजांचे राजकारणही होते, असे इतिहासकार म्हणतात आणि ते खोटे म्हणता येणार नाही, कारण पोर्तुगीजांचा सुलतानाशी सलोखा होता. तरी ज्याच्या छावणीत राहावयाचे त्याच बादशहाला नाही म्हणणे, हे धाडसच होय. अकबर इतका क्रुद्ध झाला की, त्याने ह्या दोघांस निघून जाण्याची आज्ञा केली. पुढे त्याचा राग निवळला. सन १६०१ च्या जानेवारीत गड पडला. तो रोगराईने पडला असे अकबराचा इतिहासकार अबुल फजल लिहितो, तर सोन्याच्या लाचेने पडला असे येशूसंघीयांचा वृत्तान्त सांगतो.

शिदोरी सोडून आम्ही भाकरी, ठेचा आणि पिठले खाल्ले. उतरताना पाय थरथरत होते, पण मने हलकी झाली होती. दुपार कलता कलता बुऱ्हाणपुरास परत आलो, तेथील प्रसिद्ध माव्याची जिलेबी चाखली आणि तापीच्या पलीकडील जैनाबादेस गेलो. कारण दिवसाचा दुसरा भाग अजून राहिला होता. आम्हांस पाहावयाचा होता तो आहूखाना.

आहू म्हणजे फारसीत हरिण. नदीच्या एका तीरावर मोगलांचा शाही किल्ला आणि समोरच्या तीरावर ही राखीव मृगयाभूमी. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, राज्यातील सर्वश्रेष्ठांसाठीच उघडे असलेले ते क्रीडांगण होते. अकबराचा पुत्र शहजादा दानियाल ह्याने ती सिद्ध केली, असे तेथे परंपरेने सांगतात. मोगलांच्या काळी शिकार हा नुसता करमणुकीचा विषय नव्हता. घोडदौड, नेमबाजी आणि सैन्याची कवायत ह्या सर्वांची ती शाळा होती. हांकेवाले रानाला दूरवर वेढा घालीत आणि तो वेढा दिवसेंदिवस आवळीत जनावरांना मध्यभागी आणीत. काळविटांच्या पारधीसाठी शिकविलेले चित्ते असत. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांस गाडीतून नेत आणि कळप दिसताच पट्टी सोडीत. चित्ता काही क्षणांतच सावजावर झेप घेई. एवढ्या सगळ्या वैभवाचे आता उरले आहे काय? पडकी बारादरी, जुन्या तटाच्या खुणा, आणि वाढलेले गवत. ह्याच परिसरात सन १६३१ मध्ये बेगम मुमताज महल हिचा देह प्रथम दफन करण्यात आला होता. पुढे तो आग्र्यास नेला आणि त्यावर ताजमहाल उभा राहिला.

मग त्या शहजाद्याचे काय झाले? दानियालचा जन्म सन १५७२ चा. घोडे व हत्ती ह्यांचा त्यास मोठा नाद, बंदुकीचा शौक तर विलक्षण. सन १६०० मध्ये त्याच्याच सेनेने अहमदनगरचा किल्ला घेतला. बापाने त्यास खानदेश दिला आणि त्याच्या नावावरून प्रांताचे नावही दानदेश ठेवले. सत्ता, बळ, तारुण्य, सारे काही हाताशी होते. पण त्यास मद्याचे व्यसन जडले. त्याचा वडील भाऊ मुराद सन १५९९ मध्ये ह्याच व्यसनापायी मरण पावला होता. तेवढ्यानेही त्याचे डोळे उघडले नाहीत. अकबराने हुकूम पाठविले. दानियालचा सासरा खानखानान अब्दुर्रहीम ह्याने त्याच्याभोवती पहारे बसविले. तेव्हा त्याने सेवकांची मनधरणी केली, आणि कोणी त्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीतून त्यास कडक दारू आणून दिली. नळीतला गंज व बंदुकीच्या दारूचा अंश त्या मद्यात मिसळला. ते पिऊन तो अंथरुणास खिळला आणि सन १६०५ च्या सुमारास ह्याच बुऱ्हाणपुरात वारला. त्याचे वय होते अवघे ३२-३३. हा वृत्तान्त परक्याने नव्हे, तर त्याचा सावत्र भाऊ बादशहा जहांगीर ह्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. ज्या शस्त्राने तो सावज टिपीत असे, त्याच शस्त्राने त्याची स्वतःचीच शिकार केली!

हे ऐकून सर्व गप्प झाले. आमच्यात एक मुलगा होता. कबड्डीत तालुक्यात नाव मिळविलेला, अंगाने धडधाकट. त्याचे वडील दारूपायीच गेले, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. तो खाली पाहून हळूच म्हणाला, "काका, रक्तातच असेल तर माणसाने करायचे तरी काय? त्या राजपुत्राला बादशहासुद्धा वाचवू शकला नाही."

आम्हांला उत्तर सुचेना. तेव्हा फादर म्हणाले, "बाळ, सकाळी गडावर मी दोन व्रतस्थांची नावे सांगितली. त्यातल्या दुसऱ्याची कथा अजून राहिली आहे."

बेंतो द गोइश हा अझोर्स बेटांतला. तोही तरुणपणी शिपाई होऊनच हिंदुस्थानात आला आणि बेलगाम जीवन जगू लागला. पुढे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील एका देवळात मरियामातेच्या मूर्तीपुढे त्यास पश्चात्ताप झाला. तो येशूसंघात आला. एकदा सोडून गेला आणि पुन्हा परत आला. गुरुदीक्षा न घेता नम्रपणे तो ब्रदरच राहिला. सन १६०२ मध्ये त्यास आज्ञा झाली की, उत्तरेकडील खुष्कीच्या वाटेने जाऊन कथाय नावाचा देश शोधावा. तो आग्र्याहून निघाला, आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष घेऊन लाहोरास गेला, आणि मग काबूल, हिंदुकुश, पामीरचे पठार, यारकंद अशी त्याने मजल मारली. पामीरच्या थंडीत त्याचे घोडे मेले. सोबती गळाले, इसाक नावाचा एक आर्मेनियन ख्रिस्ती तेवढा अखेरपर्यंत राहिला. सन १६०५ च्या अखेरीस तो चीनच्या वेशीवरील सुचौ नगरात पोहोचला आणि कथाय म्हणजेच चीन, हे त्याच्या पायांनी जगास सिद्ध करून दिले. तेथेच, पेकिंगहून फादर मातेओ रिची ह्यांनी धाडलेला माणूस भेटल्यावर थोड्याच दिवसांनी, ११ एप्रिल १६०७ रोजी त्याने देह ठेवला.

"पाहा," फादर म्हणाले, "दोघेही एकाच काळी ह्याच मातीवर वावरले. दोघेही शिपाईगडी, दोघेही एकदा घसरलेले. एकाभोवती बापाने पहारे बसविले. दुसऱ्याने स्वतःच गुडघे टेकले आणि पुन्हा पडला तरी पुन्हा उठला. बाहेरचा पहारा फोडता येतो, बाळ. आतला पहारा देवाच्या कृपेने आणि आपल्या होकाराने बसतो. आणि एकट्याने नाही. इसाकसारखा एक तरी सोबती लागतो."

त्या मुलाने काही उत्तर दिले नाही. पण परत जाताना तापीच्या पुलावर तो फादरांच्या बरोबरीने चालत होता आणि त्यांचे बोलणे बराच वेळ चालले होते. ते काय बोलले हे आम्ही विचारले नाही आणि विचारणारही नाही.

वाचकहो, शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, अशी संत पौलाची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. धावपटूच्या संयमाचा दाखलाही त्यानेच करिंथकरांस दिला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ ह्यांनी ज्यांस संतपद दिले, ते पिएर जॉर्जिओ फ्रासाती हे इटलीतील तूरिन शहराचे तरुण मोठे गिर्यारोहक होते. पण ज्या पायांनी ते आल्प्सची शिखरे चढत, त्याच पायांनी गरिबांच्या खोल्यांचे जिनेही चढत. २४ व्या वर्षी पोलिओने त्यांचा अंत झाला, तेव्हा ज्यांना त्यांनी मदत केली होती ते गरीब लोक त्यांच्या अंत्ययात्रेस लोटले. बळ कशासाठी, ह्याचे उत्तर ह्याहून सोपे कोणी द्यावे?

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती की, मुलांना डोंगरावर जाऊ द्या, मैदानावर खेळू द्या. आणि जमल्यास स्वतःही बरोबर जा. जी गोष्ट घरी वर्षभर ओठांवर येत नाही, ती चढणीवर दम लागला असता सहज बाहेर पडते. ज्या घरी दारूचे दुःख आहे, तेथील मुलास उपदेशाच्या शंभर शब्दांपेक्षा बरोबर चालणारा एक माणूस अधिक हवा असतो. आणि तरुणांस एवढेच सांगणे की, कमावलेले बळ साठविण्यासाठी नसते, खर्चण्यासाठी असते. ते कोणावर खर्चावयाचे, एवढेच ठरवावयाचे आहे.

रात्री भुसावळ स्थानकावर उतरलो तेव्हा सर्वांचे पाय भरून आले होते. त्या मुलाची आई फलाटावर वाट पाहत उभी होती. त्याने तिच्या हातातील पिशवी आपल्या हाती घेतली आणि दोघे गर्दीतून घराकडे निघाली.