स्पॅनिशचा वर्तमानकाळ आणि घरची मराठी

तुमच्या घरात सध्या कुणीतरी स्पॅनिश शिकत असण्याची शक्यता बरीच आहे. २०२५ च्या निकालांत जीसीएसईला बसणाऱ्यांच्या संख्येत स्पॅनिशने पहिल्यांदाच फ्रेंचला मागे टाकलं. आणि इयर नाईनमध्ये विषय निवडायची वेळ आली की बऱ्याच घरांतून एक वाक्य ऐकू येतं, "आता स्पॅनिश आहे, मराठीचा वर्ग बंद करूया, दोन्हींचा गोंधळ होतो." गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू यांची जीसीएसई देता येते, मराठीची येत नाही. त्यामुळे कात्री लागते ती मराठीलाच.

हा निर्णय घेण्याआधी एक संध्याकाळ मुलाजवळ स्पॅनिशचं पुस्तक उघडून बसा. वर्तमानकाळाचा धडा काढा. तुम्हाला स्पॅनिशचा एक शब्द येत नसला तरी चालेल.

पहिली गोष्ट प्रत्ययांची. 'बोलणे' म्हणजे आब्लार. मी बोलतो, आब्लो. तू बोलतोस, आब्लास. तो बोलतो, आब्ला. आम्ही बोलतो, आब्लामोस. ते बोलतात, आब्लान. इंग्रजीत 'स्पीक' जवळपास सगळीकडे तेच राहतं, म्हणून कर्ता सांगावाच लागतो. मूलही मग प्रत्येक वाक्याआधी 'यो' म्हणजे 'मी' लावत सुटतं. त्याला विचारा, "आजीला फोनवर काय सांगतोस? 'शाळेत जातोय', की दर वेळी 'मी शाळेत जातोय'?" क्रियापदावरून माणूस ओळखायची सवय त्याला घरातच लागलेली आहे, फक्त ती इथे वापरायची असते हे कुणी सांगितलेलं नसतं. 'बोलतोस' आणि 'आब्लास' या दोन्हींच्या शेवटी 'स' आहे, तोही निव्वळ योगायोग नाही. संस्कृतात 'वदसि', जुन्या मराठीत 'करिसी', आणि स्पॅनिशची आई जी लॅटिन, तिच्यातही 'तू'च्या क्रियापदाला शेवटी 'स'च.

दुसरी अडचण इंग्रजीतल्या 'डू'ची. 'डू यू स्पीक इंग्लिश?' याचं स्पॅनिश करताना मूल 'डू'ला शब्द शोधत बसतं. असा शब्दच नाही. 'आब्लास इंग्लेस?' झालं. आपण 'इंग्लिश बोलतोस?' असं नुसता सूर चढवून विचारतो, तसंच.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. इंग्रजीत 'आय ईट' वेगळं आणि 'आय ॲम ईटिंग' वेगळं, म्हणून मुलं प्रत्येक 'इंग'साठी 'एस्तोय' जोडून लांबलचक रूप बनवतात. स्पॅनिशमध्ये ते रूप आहे, आपल्या 'खातोय'सारखं. पण 'के कोमेस?' एवढंच म्हटलं तरी 'काय खातोस?' हा आत्ताचा प्रश्न पुरा होतो. उद्याच्या गोष्टीला मात्र ते लांब रूप चालतच नाही. 'आय ॲम कॉलिंग यू टुमॉरो' याचं स्पॅनिश 'मान्याना ते यामो', म्हणजे शब्दशः 'उद्या तुला फोन करतो'. भविष्यकाळाचं रूप न वापरताही उद्याची गोष्ट सांगता येते, हे मराठी घरातल्या मुलाला नवीन नाही. इथे एक सावधगिरी बाळगा. आपण 'उद्या निघतोय' असंही म्हणतो, त्याची नक्कल करू देऊ नका. 'निघतो'च्या साच्यातच ठेवा.

तसंच 'आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स २०१५'. मूल 'हॅव'च्या मागे लागून भूतकाळात शिरतं. स्पॅनिश सरळ आहे: 'बीबो आकी देस्दे २०१५'. मी इथे २०१५ पासून राहतो. अजून राहतोच आहे, मग वर्तमानकाळच.

आणि 'मे गुस्ता'! इंग्रजी शाळेत हे मोठं कोडं म्हणून शिकवावं लागतं, कारण 'आय लाइक'मधला 'आय' कर्ता उरत नाही. आपल्याकडे तो कधी नव्हताच. मला चहा आवडतो, मे गुस्ता एल ते. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आंबे अनेक झाले की क्रियापद बदलतं, दोन्ही भाषांत, आणि 'मला' आहे तिथेच राहतं. माझ्या मते या एका वाक्यासाठी तरी मराठीचा वर्ग चालू ठेवावा.

मराठी सगळीकडे मदत करते असं मात्र नाही. 'मी बोलतो' आणि 'मी बोलते' हा फरक स्पॅनिशच्या क्रियापदात नाही. मुलगा असो वा मुलगी, आब्लोच. पण मुलगी दमली असेल तर 'एस्तोय कान्सादा' आणि मुलगा दमला असेल तर 'कान्सादो', म्हणजे आपल्या 'दमलेली', 'दमलेला'सारखं विशेषण बदलतं.

'आहे'च्या बाबतीत तर आपण पुरते अडकतो. स्पॅनिशमध्ये त्याला दोन क्रियापदं आहेत. मुंबई मोठी आहे, तिथे 'एस'. आजी मुंबईत आहे, आजी आजारी आहे, तिथे 'एस्ता'. मुलं सांगतील की कायमचं असेल तर 'एस' आणि तात्पुरतं असेल तर 'एस्ता'. मग त्यांना विचारा, मुंबई भारतात आहे, ती कुठे हलणार आहे का? तरीही तिथे 'एस्ता'च लागतं. जागा सांगायची किंवा आत्ताची अवस्था सांगायची तर 'एस्ता', आणि वस्तू कोण, काय, कशी हे सांगायचं तर 'एस', असं धरून चाला. 'तेंगो', 'बोय', 'सोय' ही वाकडी रूपं मात्र पाढ्यांसारखी पाठच करावी लागतात. तिथे कुठलीच भाषा मदतीला येत नाही.

जाता जाता एक. सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये शिकवल्या जाणाऱ्या नव्या अभ्यासक्रमात, ज्याची पहिली परीक्षा २०२६ च्या उन्हाळ्यात, मोठ्याने वाचून दाखवणं आणि ऐकून लिहिणं हेही आहे. स्पॅनिशचा 'त' हा आपल्या 'ताट'मधला 'त', 'टी-शर्ट'मधला 'ट' नव्हे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर तो आधीच असतो. आज रात्री जेवताना त्याला 'तेंगो' म्हणायला सांगा आणि 'टेंगो' म्हणाला तर 'ताट' म्हणायला लावा.